सोबत हवी, पहारा नको

जानेवारीचा तिसरा रविवार आला की मोबाइलवर पदकांचे फोटो सुरू होतात. अंधारात माहीमहून निघालेली माणसे सी-लिंक ओलांडून दक्षिण मुंबईत पोहोचतात. गळ्यात पदक, छातीवर नंबर, बाजूला ऑफिसचा अख्खा ग्रुप. २००४ साली सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन आता आपल्या पिढीच्या कॅलेंडरमधला एक सणच झाली आहे. पुण्याची मॅरेथॉन तर १९८३ पासूनची. सातारची घाटातली हाफ मॅरेथॉनही आता राज्यभर माहीत आहे. या सगळ्या गर्दीत आपली मुलेही दिसतात. कोणी आयटीत आहे, कोणी बँकेत, कोणी दवाखान्यात. ती दिसायलाच हवीत.

पण त्या फोटोंत घरचे माणूस सहसा नसते. मुलगा धावतो, अम्मी नाश्ता करून वाट बघते. नवरा धावतो, बायको मुलांना घेऊन शेवटच्या रेषेपाशी उभी राहते आणि त्याचा फोटो काढते. भाऊ धावतो, बहीण त्याच्या स्टेटसवर माशाअल्लाह लिहिते.

आमचे म्हणणे असे आहे की पुढची हाफ मॅरेथॉन तुम्ही घरातल्या एका माणसाबरोबर धावा, आणि ते माणूस शक्यतो घरातली बाई असू द्या. हे म्हणायला सोपे आहे. त्याला जोडून येणारा प्रश्न मात्र अवघड आहे. आपल्याकडे भाऊ बहिणीबरोबर बाहेर पडला की तो तिची सोबत करत असतो की राखण, हे बघणाऱ्याला कळत नाही. कधी कधी त्या दोघांनाही कळत नाही. या लेखाचा मोठा भाग त्या प्रश्नाबद्दल आहे.

एकवीस किलोमीटर म्हणजे किती

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. हा विचित्र आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आला. शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बैठकीसमोर संपवायची, असे ठरले. तो रस्ता भरला २६ मैल ३८५ यार्ड. १९२१ मध्ये तेच अंतर कायम करण्यात आले. त्याचे निम्मे म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. आकडा राजाच्या सोयीने पडला असला, तरी नोकरी-संसार करणाऱ्या माणसालाही तो सोयीचा निघाला आहे.

याचे कारण असे. पाच-दहा किलोमीटर एखादा तरुण तयारी न करताही कसेबसे ओढून नेतो. त्यामुळे घरात काहीच बदलावे लागत नाही. पूर्ण मॅरेथॉन इतका वेळ मागते की लहान मुले आणि सासर सांभाळणाऱ्या माणसाला ते झेपणे कठीण. हाफ मॅरेथॉन या दोन्हींच्या मधे बसते. ज्याला अर्धा तास सलग चालता येते, त्याला आठवड्याचे तीन-चार दिवस देऊन चार-पाच महिन्यांत या अंतराला उभे राहता येते. वेगाचा बाऊ करू नये. किलोमीटरला आठ मिनिटे धरली तर दोन तास एकोणपन्नास मिनिटांत शर्यत संपते. आठ मिनिटांच्या वेगात मधे मधे चालणेही बसते. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून धावलेले जेफ गॅलोवे यांनी हीच पद्धत लोकप्रिय केली. थोडे धावा, दम लागायच्या आधीच थोडे चाला, पुन्हा धावा. चालणे आधीच वेळापत्रकात धरलेले असते, म्हणून त्यात कमीपणा नाही. पन्नाशीची अम्मी आणि तिशीचा मुलगा एकत्र धावू शकतात ते यामुळेच.

सरावाचा दुसरा साधा नियम असा की बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे. धाप लागून वाक्य तुटले की वेग जास्त झाला असे समजावे. याचा घरच्यांबरोबर धावताना एक फायदा होतो. दर रविवारी दीड-दोन तास, हातात मोबाइल नाही, समोर टीव्ही नाही आणि बाजूला तुमची बहीण किंवा वडील. शेवटचे इतके सलग बोलणे तुमचे त्यांच्याशी कधी झाले होते, आठवून पाहा.

घरकाम केले म्हणजे पुरे होते का

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासात २०२२ सालचा अंदाज दिला आहे. भारतातल्या प्रौढांपैकी जवळपास निम्म्यांची हालचाल पुरेशी नाही. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर बायकांत ५७ टक्के. पुरेशी हालचाल म्हणजे आठवड्याला निदान १५० मिनिटे, थोडा दम लागेल अशी.

'आमच्या घरातल्या बायका दिवसभर राबतात, त्यांना वेगळा व्यायाम कशाला?' असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की या मोजणीत घरकाम आणि पायी येणे-जाणेही धरलेले आहे. ते धरूनसुद्धा बायका मागे आहेत. राबणे आणि हृदयाला, स्नायूंना लागणारी हालचाल यांत फरक आहे. ओट्यापाशी पाच तास उभे राहिल्याने पाय सुजतात, पण दम वाढत नाही.

आमच्या घरात हे आकडे वाचायची गरज पडली नाही. अब्बूंना साखर होती. त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत आठवड्यातून तीनदा डायलिसिस असे आणि त्या चकरा आपाने आणि मी वाटून घेतल्या होत्या. ते गेल्यावर दीड वर्षाने आपाच्या रक्ताचा अहवाल आला. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२, म्हणजे उंबरठ्यावरच. आपा तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती, साताऱ्यात शाळेत शिकवते. अहवाल घडी घालून तिने पर्समध्ये ठेवला आणि मला फोनवर विचारले, "तू ते पळतोस ना, ते मला येईल का?"

पहाटेचे पाणी

येईल की नाही हा प्रश्न पायांचा असेल असे वाटते. तो निघाला नळाचा. आमच्या गल्लीत पाणी येते पहाटे साडेपाच ते साडेसहा. त्याच तासात टाकी, पिंप, हंडे भरायचे, दुलाभाईंचा डबा करायचा, भाच्याला उठवायचे. धावण्याची वेळही तीच. त्यानंतर ऊन चढते, शाळा असते आणि रस्त्यावर गाड्या सुरू होतात.

ऑफिसात एखादे काम फक्त एकाच माणसाला येत असेल तर आम्ही त्याला धोका म्हणतो. तो माणूस रजेवर गेला की सगळे ठप्प, म्हणून दुसऱ्याला शिकवून ठेवतो. घरात मात्र अशीच व्यवस्था असली की त्या माणसाला आपण सुगरण म्हणतो, तिचे कौतुक करतो आणि तिला रजाच देत नाही. आपाच्या सरावाच्या पहिल्या आठवड्यात कोणी धावलेच नाही. त्या आठवड्यात दुलाभाई पाणी भरायला शिकले आणि चौदा वर्षांचा भाचा कांदेपोहे करायला. दुलाभाई चांगला माणूस. 'मी कधी नाही म्हटले?' असे ते म्हणाले, आणि ते खरेही होते. ते कधीच नाही म्हणाले नव्हते, कारण त्यांना कोणी कधी विचारलेच नव्हते.

म्हणून घरातल्या बाईला 'चल, धावायला ये' असे म्हणण्याआधी तिच्या पहाटेचा हिशेब मांडा. तिच्या वाट्याची कोणती दोन कामे तुम्ही घेणार, हे आधी ठरवा. नाहीतर धावणे हे तिच्या यादीतले अठरावे काम होईल.

"घेऊन कुठे चाललास?"

मी नोकरीला पुण्यात, हिंजवडीत. शुक्रवारी रात्रीची गाडी पकडून साताऱ्याला जायचे आणि शनिवारी-रविवारी आपाबरोबर धावायचे, असे आम्ही सुरू केले. कधी शाहू स्टेडियमच्या आसपास, कधी अजिंक्यताऱ्याच्या चढावर. साताऱ्यात पहाटे किल्ल्यावर चढणारी माणसे भरपूर, त्यामुळे रस्ता ओस नसतो.

आपा माझ्या दहा पावले पुढे असे. तरी कोपऱ्यावरच्या टपरीवर लोक विचारत मला. "काय, बहिणीला घेऊन कुठे चाललास?" विचारणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हते. उलट मी बरोबर आहे याचे त्यांना समाधान होते. पण ते 'घेऊन' नीट ऐकले पाहिजे. एक्केचाळीस वर्षांची बाई, तीस-चाळीस मुलांचा वर्ग सांभाळते, स्वतःच्या पायांनी पुढे चालली आहे, आणि तिला कोणीतरी घेऊन जात आहे.

मुस्लिम मोहल्ल्यातच असे होते असे मानण्याचे कारण नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या सार्वजनिक जागांचा अभ्यास करून २०११ मध्ये 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक लिहिले. त्यांनी दाखवून दिले की सगळ्याच समाजांतल्या बायकांना रस्त्यावर असण्यासाठी काहीतरी काम दाखवावे लागते. भाजीची पिशवी, मुलाचे दप्तर, ऑफिसची पर्स. काम नसेल तर सोबत दाखवावी लागते. मुस्लिम बाईच्या वाट्याला यात आणखी एक ओझे येते. मोहल्ल्याबाहेर तिच्याकडे समाजाचा नमुना म्हणून पाहिले जाते आणि मोहल्ल्यात समाजाची इज्जत म्हणून. धावताना दोन्हीकडचे डोळे तिच्या पाठीवर असतात.

बारामतीच्या लता भगवान करे आठवतात का? साठी ओलांडलेल्या या बाईंना नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते, म्हणून त्या नऊवारी नेसून अनवाणी बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात जिंकल्या. त्यांच्यावर पुढे चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले. महाराष्ट्राने त्यांचे खूप कौतुक केले आणि ते योग्यच होते. पण त्या बाईंना पळायला नवऱ्याचे आजारपण लागले. कुटुंबासाठी धावणाऱ्या बाईला आपण डोक्यावर घेतो. स्वतःसाठी धावणाऱ्या बाईला विचारतो, 'एवढे काय नडलंय?' आपल्या घरातल्या बायकांना धावायला असे काही नडावे लागू नये.

आता सोबतीचा मुद्दा. दोन दिवसांच्या सरावावर हाफ मॅरेथॉन होत नाही. सोमवार ते शुक्रवार मी पुण्यात, त्यामुळे आपाचे धावणे बंद. माझी सोबत हीच तिची परवानगी झाली होती. मी नसलो की परवानगीही नाही. कोणी तसे बोलले नव्हते, तरी सगळ्यांना ते माहीत होते. एका रविवारी उतारावर आपानेच विषय काढला. "तू आलास की मी पळते. म्हणजे पळतंय कोण?" त्यानंतर तिने शाळेतल्या एका सहकारी बाईंना विचारले आणि गल्लीतल्या शेजारच्या काकूंना. काकूंना गुडघ्याचा त्रास, त्या फक्त चालणार होत्या. तिघी मंगळवारी आणि गुरुवारी निघू लागल्या. पहिल्याच मंगळवारी दूधवाल्याने विचारले, "मॅडम, आज भाऊ नाहीत?" आपा म्हणाली, "नाहीत," आणि पुढे गेली. महिनाभराने कोणी विचारेनासे झाले.

हाफ मॅरेथॉन आम्ही दोघे एकत्र धावलो. साताऱ्यातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावरून वळायचे आणि तोच घाट उतरून परत यायचे. वरती धुके आणि रिमझिम. चढावर आपा माझ्यापेक्षा दमदार होती, कारण आठवड्यातून दोनदा ती किल्ला चढत होती आणि मी खुर्चीत बसत होतो. उतारावर तिची मांडी आखडली, तेव्हा तिने थांबायचे कधी आणि चालायचे किती हे स्वतः ठरवले. मी पाण्याची बाटली धरली. तीन तासांना चार मिनिटे कमी असताना आम्ही पोहोचलो. यंदा तिने पुन्हा नाव नोंदवले आहे, शाळेतल्या बाईंबरोबर. त्या नोंदणीत माझे नाव नाही. त्या दिवशी भाच्याची परीक्षा आहे आणि दुलाभाई बाहेरगावी, म्हणून मला पाण्याची पाळी दिली आहे.

वाट सोबतीने मिळते, हक्क नियमाने

१९६७ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरिन स्विट्झर २६१ नंबर लावून धावली. बायका ते अंतर धावूच शकत नाहीत असे तेव्हा धरून चालत. धावत्या शर्यतीत एक अधिकारी तिच्या अंगावर आला आणि तिचा नंबर ओढू लागला. तिच्याबरोबर धावणाऱ्या मित्राने त्याला धक्का देऊन बाजूला केले आणि तिने शर्यत पूर्ण केली. हे फोटो जगभर गेले. त्याच्या आदल्याच वर्षी बॉबी गिब ही बाई नंबर नसताना तीच शर्यत पुरी धावली होती, हे मात्र कमी लोकांना माहीत आहे. मित्राच्या धक्क्याने एका दिवसापुरती वाट मोकळी झाली. बायकांना बोस्टनमध्ये अधिकृत प्रवेश मिळाला १९७२ मध्ये, नियम बदलला तेव्हा. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ साल उजाडावे लागले.

आपल्यालाही दोन्ही लागणार आहे. भावाने, मुलाने, नवऱ्याने दिलेली सोबत पहिल्या दिवसाची भीती घालवते. पण प्रत्येक बहिणीला धावणारा भाऊ नसतो. ज्यांना नाही त्यांच्यासाठी मैदान हवे, पहाटे दिवे चालू असलेला रस्ता हवा, मैदानावर वापरता येईल असे स्वच्छतागृह हवे. दाटीच्या वस्त्यांत धावायला जागाच नसते, हे मुंब्रा, भिवंडी, मालेगावात राहणाऱ्यांना सांगायला नको. मुंब्र्यात 'परचम' या गटाने मुलींचे फुटबॉल सुरू केले, तेव्हा खेळासाठी आधी जागा मागावी लागली. मुलींनी सह्या गोळा केल्या आणि लोकप्रतिनिधींकडे गेल्या. त्या मुलींना पाहून आजूबाजूच्या किती घरांतली भाषा बदलली, हे तिथे जाऊन विचारावे. आपल्या वॉर्डातल्या मैदानाचे दिवे पहाटे किती वाजता लागतात, हे विचारणारा अर्ज नगरपालिकेला लिहायला एक संध्याकाळ पुरते.

दीन आड येतो का

हा प्रश्न तुम्हाला घरात विचारला जाईल, म्हणून उत्तर तयार ठेवा. हजरत आयेशा (र.) यांनी स्वतः सांगितलेली हकीकत अबू दाऊदच्या हदीससंग्रहात आहे. एका प्रवासात त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याबरोबर पायी शर्यत लावली आणि त्या जिंकल्या. पुढे त्यांचे वजन वाढल्यावर पुन्हा शर्यत झाली, तेव्हा प्रेषित जिंकले आणि आधीच्या हारीची फिट्टंफाट झाल्याचे त्यांनी हसत-खेळत बोलून दाखवले. नवरा-बायको एकत्र धावल्याची इतकी मोकळी हकीकत आपल्याकडे आहे, आणि आपण मात्र बायकोला घेऊन बागेत चालायलाही लाजतो.

दुसरी गोष्ट हज-उमऱ्याला जाऊन आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सफा आणि मरवाच्या मधल्या सात फेऱ्या, सगळे मिळून तीन किलोमीटरच्या वर. तहानेल्या बाळासाठी पाणी शोधत वाळवंटात धावलेल्या हजरत हाजरा यांची ती आठवण आहे. आज तिथे हिरव्या दिव्यांच्या टप्प्यात पुरुष धावतात. जगभरातून आलेले लाखो पुरुष एका आईचे धावणे आपल्या पायांनी पुन्हा करतात. मोहल्ल्यात परतल्यावर त्यांच्यापैकीच कोणी 'बाईमाणसाला धावणे शोभत नाही' असे म्हणाले, तर अदबीने ही आठवण करून द्या.

एवढे सांगूनही आमचे म्हणणे असे की निरोगी राहण्यासाठी प्रौढ बाईला रोज दाखला देत बसावे लागू नये. दाखला घरातल्या बुजुर्गांची समजूत काढण्यासाठी आहे. तिचा हक्क त्यावर अवलंबून नाही.

कपडे कोणी ठरवायचे

मोरोक्कोच्या नवाल अल मुतवक्किल १९८४ मध्ये चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत जिंकल्या. अल्जीरियाच्या हसीबा बुलमेरका १९९२ मध्ये पंधराशे मीटरमध्ये सुवर्णपदक विजेत्या ठरल्या. शॉर्ट्स घालून धावल्याबद्दल त्यांना कट्टरपंथीयांच्या धमक्या येत होत्या. २०१२ मध्ये सारा अत्तार सौदी अरेबियाकडून डोके झाकून आठशे मीटर धावल्या. २०२४ मध्ये पॅरिसला फ्रान्सने आपल्या खेळाडूंना हिजाब घालून खेळायला मनाई केली. त्याच ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सच्या सिफान हसन यांनी मॅरेथॉन २ तास २२ मिनिटे ५५ सेकंदांत जिंकली. शर्यतीत त्यांचे डोके झाकलेले नव्हते आणि पदक घ्यायला त्या हिजाब घालून आल्या. दोन्ही वेळी निर्णय त्यांचा होता.

कुठे सरकार हिजाब काढायला लावते, कुठे मोहल्ला घालायला लावतो. दोन्ही ठिकाणी बाईला कोणी विचारत नाही. तुमची बहीण पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, ढगळ पँट आणि स्कार्फ घालून धावणार असेल तर तुम्ही तिला 'मॉडर्न हो' म्हणू नका. स्कार्फ न घालता धावणार असेल तर 'लोक काय म्हणतील' म्हणू नका. फार तर एवढेच सांगा की सुती कापड घामाने जड होते आणि कातडी सोलते, म्हणून लवकर वाळणारे हलके कापड घे. आपाने होजियरीच्या कापडाचा स्कार्फ गल्लीतल्या शिंप्याकडून शिवून घेतला. तो घाटातल्या वाऱ्यातही हलला नाही.

सुरुवात कशी करावी

पहिल्यांदा डॉक्टरांकडे जा. चाळिशीपुढच्या माणसाने, आणि रक्तदाब, साखर, हृदयाचा त्रास असलेल्या कोणीही, तपासणी केल्याशिवाय सराव सुरू करू नये. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर धावताना साखर एकदम उतरू शकते. डोस आणि खाणे यांचे काय करायचे ते डॉक्टरांना विचारा आणि खिशात खजूर किंवा ग्लुकोज ठेवा. खर्च करायचाच असेल तर बुटांवर करा, घड्याळावर नको.

पहिले चार आठवडे अर्धा तास चालायचे, त्यात मधे मधे एक-एक मिनिट धावायचे. मग धावण्याची मिनिटे हळूहळू वाढवायची. आठवड्यात एकच दिवस लांब अंतर, आणि तेही एकदम वाढवायचे नाही. शर्यतीआधी सतरा-अठरा किलोमीटर एकदा पायांखालून गेले की पुरे.

रमजानमध्ये अंतर कमी करा. इफ्तारच्या थोडे आधी हळू चालणे किंवा तरावीहनंतर थोडे धावणे पुष्कळांना जमते. पाण्याची कमतरता अंगावर काढू नका. शर्यत निवडताना फज्रचाही विचार करा. घाटातल्या शर्यती उजाडताना सुटतात, तेव्हा फज्र पढून निघता येते. मुंबईची हाफ मॅरेथॉन अलीकडे पहाटे पाचच्या सुमारास सुटते. फज्रची वेळ धावतानाच सुरू होते आणि सूर्योदय सव्वासातच्या आसपास होतो. ज्यांना नमाज चुकवायची नाही त्यांनी ती पाच मिनिटे आधीच हिशेबात धरावीत. तुमच्या वेळेतली पाच मिनिटे कोणी विचारणार नाही.

शेवटी भावांसाठी, नवऱ्यांसाठी, मुलांसाठी काही गोष्टी. वेग तिचा, तुमचा नव्हे. तुम्हाला पुढे पळायची हौस असेल तर दुसऱ्या दिवशी एकटे पळा. तिच्या अॅपवरचा नकाशा आणि आकडे तिचे आहेत, ते घरच्या ग्रुपवर टाकू नका. ती कुठल्या वळणावर होती हे कोणाला कळावे, हे ती ठरवेल. तिच्या मैत्रिणींना बोलवा, म्हणजे तुमच्यावाचून सराव अडणार नाही. पहिल्या शर्यतीपर्यंत आठवड्यातले निदान दोन दिवस ती तुमच्याशिवाय बाहेर पडत नसेल, तर अंतर वाढवण्याआधी ती अडचण सोडवा.

बहिणींसाठी एकच सांगणे. भाऊ तयार होईपर्यंत थांबू नका. शेजारच्या काकू चालतील, शाळेतल्या बाई चालतील, अम्मीही चालेल. अर्ध्या तासाच्या चालण्याला कोणाची नोंदणी लागत नाही.

आज रात्री जेवताना घरात विचारून पाहा, उद्या पहाटे माझ्याबरोबर कोण येणार? आणि पाणी कोण भरणार, हेही त्याच वेळी ठरवून टाका.